झाडपाला विरुद्ध केमो : एक फसवा सामना

आपल्या मेसच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या गळतीवर फुकट पोसलेली सदाफुली आहे. बहुतेकांनी ती पाहिलीही नसेल. मागच्या वर्षी जुलैत एकदा सकाळी सहा वाजता (रात्रभर जर्नल लिहीत जागाच होतो, उगाच गैरसमज नको) शेजारच्या खोलीतला कराडकर तिथं वाकून पानं तोडताना दिसला. हातात बिस्किटांच्या पुड्याची रिकामी पिशवी. मी म्हटलं, "काय रे, आज पूजा वगैरे? ओरल आहे वाटतं." तो हसला नाही. म्हणाला, "काकांसाठी. शनिवारी घरी चाललोय, घेऊन जातो."

काकांना लसिका ग्रंथींचा कॅन्सर. हॉजकिन नावाचा प्रकार. तालुक्यापासून तीन तासांवरच्या दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषधं घ्यायची होती. चार वेळा झाली. केस गेले, तोंड आलं, जेवण जाईना. त्यातच कुणी तरी सांगितलं की केमो म्हणजे निव्वळ विष. व्हॉट्सॲपवर एक निरोपही फिरत आला, सदाफुलीच्या पानांचा काढा घ्या, कॅन्सर मुळापासून जातो. घरच्यांनी बसून ठरवलं, विष बंद, झाडपाला सुरू.

मी यावर काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लेख त्यासाठीच आहे. मी म्हणालो, "घे की. नैसर्गिक आहे, तोटा तर काही नाही ना." एवढंच नाही, पिशवी भरायला मदतही केली.

दीड महिन्यानं कराडकरनं काकांच्या फायलीचे फोटो दाखवले. एका रिपोर्टमधला शब्द कळत नव्हता म्हणून. त्यातल्या उपचाराच्या चार्टवर चार अक्षरं होती, ए-बी-व्ही-डी. चार औषधांची आद्याक्षरं. आम्ही दोघं मेकॅनिकलचे, बायो बारावीलाच सुटलेलं, तरी सहज म्हणून एकेक नाव शोधत गेलो. तिसऱ्या नावावर दोघंही गप्प झालो. व्ही म्हणजे विनब्लास्टिन. विनब्लास्टिन मिळतं सदाफुलीच्या पानांपासून.

म्हणजे काकांनी सदाफुली सोडली होती ती सदाफुलीसाठी. सोडलेली सदाफुली होती शुद्ध केलेली, मिलिग्रॅममध्ये मोजलेली, शिरेतून दिलेली. धरलेली होती मेसमागची, पिशवीतली, चिमटीनं मोजलेली.

तेव्हापासून "केमो घ्यायची की झाडपाला?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. हा सामनाच फसवा आहे. केमोच्या बाटल्यांमधलं निम्मं नाही तरी बरंच काही झाडपाल्यातूनच आलेलं आहे. ते कसं काम करतं आणि काढ्यातून ते काम का होत नाही, हे आपल्याला मराठीत कुणी नीट सांगत नाही. काकांनाही कुणी सांगितलं नव्हतं. नंतरचे काही महिने लायब्ररीत बसून आणि बायोटेकच्या एका मॅडमचा वेळ खाऊन मी जे समजून घेतलं, ते इथं मांडतो. चुकलं तर बायोटेकवाल्यांनी कान धरावा.

पेशीला सांगाडा असतो, हे शाळेत एका ओळीत आटोपतात. आपण ट्रस आणि बीमच्या दुनियेतले, म्हणून सांगाडा म्हटलं की स्टीलचं काही तरी डोळ्यांसमोर येतं. पेशीचा सांगाडा तसा नाही. तो बांधकामावरच्या परांचीसारखा आहे, इकडे बांधतायत, तिकडे सोडतायत, आणि हे चोवीस तास चालू. त्यात तीन प्रकारचे धागे. आपल्या कामाचा आहे सर्वांत जाड प्रकार, सूक्ष्मनलिका. बाहेरून व्यास २५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तीन हजारावा भाग. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा, प्रत्येक वीट म्हणजे अल्फा आणि बीटा अशी जोडी, लांबी ८ नॅनोमीटर. अशा विटांच्या रांगा, बहुधा तेरा, गोलाकार उभ्या राहिल्या की नळी तयार.

गंमत पुढे आहे. ही नळी वाढता वाढता अचानक धाडकन कोसळते, मग पुन्हा वाढायला लागते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर या दोघांनी १९८४ साली हे दाखवलं. नव्यानं बसलेल्या विटेत थोडं इंधन असतं, बसल्यावर ते खर्च होतं. टोकाशी ताज्या विटांची टोपी आहे तोवर नळी उभी. टोपी गेली की शिळ्या विटा बाहेरच्या बाजूला वाकतात आणि नळी केळीच्या सालीसारखी सोलत मागे येते. आपल्याकडे एखाद्यानं असा कॉलम डिझाईन केला असता तर सरांनी शीट फाडून हातात दिली असती. पण पेशीला नेमकं हेच हवं असतं. पेशी विभागायची वेळ आली की या नळ्या दोन टोकांकडून बाहेर फुटतात, चाचपडत गुणसूत्रं शोधतात, नाही सापडली की कोसळून दुसऱ्या दिशेला शोधतात. दहावीच्या पुस्तकातले तुर्कतंतू ते हेच. आकृतीत ते स्थिर काढलेले असतात, म्हणून आपला समज होतो की ते सुतळीसारखे नुसते ताणलेले आहेत.

सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंनी नीट पकडली गेल्याशिवाय पेशी पुढे सरकत नाही. तिथं एक तपासणी नाका आहे. आपल्याकडे लायब्ररीचं नो ड्यूज नसेल तर हॉल तिकीट मिळत नाही, तसंच. एक गुणसूत्र लोंबकळत राहिलं तरी सगळं थांबतं.

आता सदाफुलीचं औषध इथं काय करतं? विनब्लास्टिन आणि त्याचं भावंड विनक्रिस्टिन विटांना चिकटतात, विशेषतः नळीच्या टोकाशी. मात्रा जास्त असेल तर नळ्या विरघळून जातात. कमी मात्रेतही टोकाशी बसलेले मोजके रेणू नळीची वाढ आणि कोसळणं दोन्ही मंद करतात. नळ्या चाचपडायच्या थांबतात, गुणसूत्रं पकडली जात नाहीत, नाक्यावर लाल दिवा.

टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, हे यू नावाच्या झाडाच्या सालीतलं औषध बरोबर उलटं वागतं. ते नळीच्या आतल्या बाजूला बसतं आणि नळी कोसळूच देत नाही. न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली हे दाखवलं तेव्हा ती नवलाची गोष्ट होती, कारण तोवर माहीत असलेली वनस्पतींमधली अशी द्रव्यं नळ्या मोडणारी होती. एक मोडतं, एक मोडू देत नाही, आणि पेशीचा शेवट मात्र सारखाच. मला हा भाग फार आवडतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण शिकतो की मजबूत केलं की टिकतं. इथं जास्त मजबूत केल्यामुळेच पेशी मरते, कारण तिचं सगळं काम हालचालीवर चाललेलं असतं.

नाक्यावर तासन्‌तास अडकलेल्या पेशीचं पुढे काय होतं? बऱ्याच पेशी आत्मनाश करतात. एरवी ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या भिंतीला भोकं पडतात, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर येतं, त्यानं कॅस्पेज नावाची कापणारी प्रथिनं जागी होतात, आणि ती आतून पद्धतशीर पाडकाम करतात. स्फोट नाही, आग नाही. मोडतोडीच्या लहान लहान पिशव्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली या मरणाला ॲपोप्टॉसिस हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडावरून पानं, पाकळ्या गळणं. आपला पानगळ शब्द तिथं चपखल बसला असता, पण नाव ठेवताना आपल्याला कोण विचारतंय!

सगळ्याच पेशी अशा गुमान मरत नाहीत. काही नाक्यावरून सटकतात, विभागणी अर्धवट टाकून पुढे जातात. काहींच्या भिंतीत पंप असतो, तो औषध आत आलं की बाहेर फेकतो. म्हणूनच एकटं औषध न देता तीन-चार एकत्र देतात, आणि म्हणूनच तारखा पाळाव्या लागतात. काकांच्या पंधरा दिवसांच्या वेळापत्रकाला कारण होतं. दोन डोसांच्या मध्ये अस्थिमज्जा सावरायला वेळ मिळावा, पण उरलेल्या कॅन्सर पेशींना मिळू नये. ही रस्सीखेच आहे, आणि आम्ही मधल्या मधे दोरी सोडून दिली होती.

आता मूळ प्रश्न. औषध पानात आहे तर मग पानं का नकोत?

याचं उत्तर या औषधाच्या जन्मकथेतच आहे. जमैकात लोक सदाफुलीच्या पानांचा चहा मधुमेहावर पीत. (आपल्याकडेही साखरेसाठी सकाळी ही पानं चावणारे आजोबा प्रत्येक गल्लीत एक तरी असतात.) १९५२ साली तिथून काही पानं पाकिटातून कॅनडात गेली, रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत. त्यांनी उंदरांना अर्क तोंडावाटे दिला. साखरेवर म्हणण्यासारखा काही परिणाम नाही. मग टोचून दिला. उंदीर काही दिवसांतच संसर्गानं मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी साफ खाली आल्या होत्या. एखाद्यानं प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. नोबल यांना वाटलं, जे पांढऱ्या पेशी कमी करतं ते रक्ताच्या कॅन्सरमध्ये कामाला येईल का? चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाला घेऊन त्यांनी त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं केलं आणि १९५८ साली ते जाहीर झालं. अमेरिकेत एलाय लिली कंपनीतली मंडळी स्वतंत्रपणे त्याच झाडावर काम करत होती, त्यांच्याकडून विनक्रिस्टिन आलं. १९६३ साली तिथं ते वापरात आलं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात ते आजही आहे.

यातलं एक वाक्य पुन्हा वाचा. तोंडावाटे दिलं तेव्हा परिणाम नाही, टोचलं तेव्हा उंदीर मेले. तीच पानं, तोच अर्क. काढा पिऊन बरं होणारे आणि काढ्यानं काही अपाय नाही म्हणणारे, दोघांनाही या उंदरांनी १९५० च्या दशकातच उत्तर दिलेलं आहे. आपण ते वाचलं नाही इतकंच.

आकडेही बघू, आपली सवय आहे. चार्टप्रमाणे विनब्लास्टिनचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम. काकांचा पृष्ठभाग साधारण १.७ चौरस मीटर धरला तर एका वेळेला जेमतेम १० मिलिग्रॅम. आणि हे द्रव्य पानात इतकं कमी असतं की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. आमच्या पिशवीत ओली पानं होती फार तर दीडशे ग्रॅम. त्यात औषध किती, हे गणित इंजिनीअरनं करायला हवं होतं. मी त्या दिवशी ते केलं नाही. बरं, पानात एवढं एकच द्रव्य नाही, शंभराहून जास्त अल्कलॉइडं आहेत. त्यातलं कुठलं किती उतरलं हे काढा उकळणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पाऊस, माती, झाडाचं वय, सगळ्यानं ते बदलतं. म्हणजे कॅन्सरवर उपयोग नाहीच, शिवाय आधीच दुबळ्या झालेल्या माणसाच्या पोटात काय गेलं याचा हिशोब नाही. "तोटा तर काही नाही" हे माझं वाक्य दोन्ही अंगांनी चूक होतं. आणि सर्वांत मोठा तोटा तर काढ्याच्या भांड्यात नव्हताच, तो कॅलेंडरवर होता.

नैसर्गिक म्हणजे सौम्य या समजुतीवर आणखी एक उतारा सांगतो. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला जाता तेव्हा लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावीची फुलं दिसतात. फोटो सगळेच काढतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. तेही ट्युब्युलिनलाच धरतं. खरं तर हे ट्युब्युलिन प्रथिन सापडलं तेच कोल्चिसिन कशाला चिकटतं हे शोधताना, १९६७ च्या सुमारास. म्हणजे निशाणा तोच, परिणामही तोच, पेशींची विभागणी थांबते. मग ते कॅन्सरवर का देत नाहीत? कारण उपयोगी पडेल ती मात्रा आणि जीव घेईल ती मात्रा यांत अंतरच उरत नाही. गाउट नावाच्या सांधेदुखीवर ते अगदी थोड्या मात्रेत देतात, तेवढंच. कळलावी खाऊन माणसं दगावतात. निशाण्यावर बाण बसणं ही औषधाची निम्मीच गोष्ट आहे.

विनब्लास्टिन आणि टॅक्सॉलही काही साधुसंत नाहीत, हे कबूल करायलाच हवं. सूक्ष्मनलिका फक्त कॅन्सरच्या पेशीत नसतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत, अस्थिमज्जेत पेशी सतत विभागत असतात, म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. आणि मज्जापेशी, ज्या विभागत नाहीत, त्यांनाही त्रास होतो. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतूचा धागा जवळपास मीटरभर लांब असतो. त्यातली मालवाहतूक या नळ्यांच्या रुळांवरून चालते, वाहक प्रथिनं त्यावरून ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत जातात. रूळ बिघडले की सर्वांत लांबच्या स्टेशनवर आधी टंचाई होते. म्हणून मुंग्या, बधिरपणा हात-पायांच्या बोटांपासून सुरू होतो. विनक्रिस्टिनमध्ये हे इतकं होतं की बहुतेक ठिकाणी एका वेळेला २ मिलिग्रॅमच्या वर जातच नाहीत. शिरेबाहेर सांडलं तर कातडी जाळतं, आणि चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर माणूस जातो. जे विष म्हणतात ते अगदीच खोटं बोलत नाहीत. फक्त ते विष मोजलेलं आहे, आणि मोजायला कित्येकांची हयात गेली आहे.

त्यातलं एक नाव आपल्या माणसाचं आहे आणि आपल्याकडे ते कुणाला माहीत नसतं, याची मला चीड येते. मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठात शिकले, अमेरिकेत पीएचडी केली आणि उत्तर कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करत राहिले. १९६२ साली आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूची साल आणली होती. वॉल-वाणी जोडीनं त्या सालीचा अर्क केला, अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग तपासला, ज्यात गुण दिसला त्याचे पुन्हा भाग पाडले. असं करत करत १२ किलो मालातून अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य हाती आलं. त्याची रचना त्यांनी १९७१ साली छापली. टॅक्सॉल रुग्णांसाठी मंजूर झालं डिसेंबर १९९२ मध्ये. मधली एकवीस वर्षं बघा. याच दोघांनी चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिनही शोधलं होतं, १९६६ साली. ते सांगाड्यावर काम करत नाही, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमवर करतं, म्हणून त्यात शिरत नाही. पण तेच द्रव्य आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यात आहे, आणि त्यापायी नरक्याची किती तोड झाली हे कोकण-कोल्हापूरकडच्या मुलांना विचारा. वाणी २०२० साली गेले. आपल्या टेक्निकल फेस्टच्या पोस्टरांवर परदेशी कंपन्यांच्या मालकांचे फोटो असतात. एखादा फोटो नंदुरबारच्या या माणसाचा लावायला हरकत नसावी.

आणि हे काम फक्त बायोवाल्यांचं नाही. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही. मग ते शिरेतून देणार कसं? एरंडेल तेलावर प्रक्रिया करून केलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये. त्या द्रावकाचीच ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. पुढे रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात बांधून त्याचे कण केले, ते २००५ साली आलं. साल काढली की यूचं झाड मरतं, म्हणून युरोपातल्या यूच्या पानांमधून अर्धवट तयार रेणू घेऊन उरलेलं प्रयोगशाळेत पुरं करायची युक्ती निघाली. पानं पुन्हा येतात. नंतर झाडाच्या पेशीच टाकीत वाढवू लागले. सदाफुलीच्या औषधाचे दोन अर्धे भाग २०२२ साली यीस्टकडून करवून घेऊन जोडून दाखवले गेले. आता सांगा, यात केमिकल, प्रोसेस, मटेरियल, कंट्रोल काय नाही?

अशा वेळी आपल्याच प्रदर्शनात दरवर्षी "अमुक पानाच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी नष्ट" असं एखादं पोस्टर लागतं आणि त्याला बक्षीसही मिळतं, तेव्हा काय बोलावं सुचत नाही. बशीतल्या पेशी कशानंही मरतात. फिनेल ओता, मरतील. किती मात्रेत मेल्या, तेवढ्याच मात्रेत निरोगी पेशींचं काय झालं, ती मात्रा माणसाच्या रक्तात पोचते का, हे पोस्टरवर कुठं असतं? हळदीचं उदाहरण घ्या. हळदीतलं कर्क्युमिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळ्या बनणं रोखतं, हे आयआयटी मुंबईतल्या दुलाल पांडा यांच्या गटानं २००६ साली दाखवलं. उत्तम काम, अभिमान वाटावा असं. पण कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं आणि लवकर मोडतं. शिवाय ते चाचण्यांनाच चकवतं, इतकं की २०१७ साली औषध-रसायनशास्त्रज्ञांनी सगळा आढावा घेऊन लिहिलं की शंभरावर मानवी चाचण्या होऊनही त्याचा उपयोग पक्क्या पद्धतीनं सिद्ध झालेला नाही. "हळद कॅन्सर बरा करते" म्हणणारे पहिला निष्कर्ष सांगतात आणि दुसरा गिळतात. हळदीचं पेटंट आपण १९९७ साली रद्द करून घेतलं ते बरोबरच होतं. पण ते जखमेवर लावायच्या हळदीचं होतं, आणि त्यात सिद्ध झालं ते इतकंच की हे ज्ञान नवीन नाही.

आणि बशीला भुलायचं नाही हा धडा फक्त पोस्टरवाल्यांना नाही, मोठ्यांनाही मिळाला आहे. टॅक्सॉल विभागणी थांबवून मारतं हे वर्षानुवर्षं पुस्तकात होतं, मी वरती तेच लिहिलं. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०१४ साली स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठींतूनच नमुने घेतले, तेव्हा दिसलं की तिथं औषध बशीतल्यापेक्षा बरंच कमी पोचतं. पेशी थांबत नाहीत, दोनऐवजी तीन-चार दिशांना ओढून विभागतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि त्या चुकीनं मरतात. चाळीस वर्षं वापरात किंवा चाचण्यांत असलेल्या औषधाबद्दलही लोक असे पुन्हा जाऊन बघतात. काढ्याबद्दल कुणी कधी गेलंय?

काढा घेणाऱ्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो, हेही लिहून ठेवतो. काकांकडे कारणं होती. तीन तासांचा एसटीचा प्रवास, उलट्या होत असताना. बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते. डॉक्टरांकडे एका पेशंटला चार मिनिटं. फाईल सगळी इंग्रजीत. त्या चार मिनिटांत कुणी एकानं जरी म्हटलं असतं की "काका, ही जी बाटली आहे ना, ती तुमच्या अंगणातल्या सदाफुलीचीच आहे, फक्त गाळून, निवडून, मोजून घेतलेली," तर माणूस निदान विचारात पडला असता. व्हॉट्सॲपचा निरोप स्वच्छ मराठीत होता. आमच्या बाजूला मराठीत काहीच नव्हतं.

म्हणून सप्टेंबरच्या एका शनिवारी मी कराडकरबरोबर त्याच्या गावी गेलो. एका कागदावर हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं, परांची, विटा, नाका, पानगळ सगळं. काका गवंडीकाम केलेले, परांचीचा मुद्दा त्यांना माझ्याआधी कळला. "म्हंजे बांबू बांधूच देत न्हाई व्हय?" म्हणाले. मग कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. शेवटी विचारलं, "एक बाटली सदाफुलीची. मग बाकीच्या तीन कुठल्या झाडाच्या रं?"

मी सांगितलं, "काका, झाडाच्या नाहीत. लाल असते ती इटलीतल्या मातीत सापडलेल्या जिवाणूची, दुसरी जपानमधल्या तसल्याच जिवाणूची, आणि शेवटची कारखान्यात बनवलेली." मातीचं ऐकून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. काकू आतून म्हणाल्या, सोमवारची गाडी पावणेसहाची आहे.

मधे दहा आठवडे गेले होते. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या करायला लावल्या, गाठी परत वाढलेल्या होत्या, वेळापत्रक नव्यानं सुरू झालं. हा आजार लवकर सापडला आणि उपचार पुरे घेतले तर बहुतेक लोक बरे होतात, हे मी आता वाचलेलं आहे. त्या दहा आठवड्यांची किंमत किती, ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. हा अंक छापायला गेला तेव्हा काकांचे आणखी तीन डोस बाकी होते.